गॅलरीच्या काचा

गुमन्ये: ...मागच्या खेपेलाही तुम्हीच आला होतात ना, प्यो मिस्त्री? काहीतरी बदलून गेलात. वीस दिवस नाही झाले, बॉयलर पुन्हा धापा टाकतोय. पेटतो, विझतो. पेटतो, विझतो.

प्यो: तेव्हा ठिणगीचा पार्ट बदलला होता, आजी. आज पंखा बघतो. नवा आणलाय बरोबर.

गुमन्ये: पंखा बदला, नाहीतर अख्खा बॉयलर बदला. सोमवारपर्यंत जमिनीखालच्या नळ्यांत गरम पाणी फिरलं, जमीन गरम राहिली म्हणजे झालं. बाहेर उणे पंधरा आहे. सोमवारी आमच्या ह्यांना वृद्धाश्रमात नेणारेत. शेवटचे चार दिवस तरी घरच्या उबेत झोपू देत.

प्यो: मानबोक आजोबांना? मागच्या वेळी तर मला म्हणाले, पाना उलटा धरलायस.

गुमन्ये: असा एखादा तास बरा जातो हो. एरवी चळ लागलाय. झोपेतून उठतात, ‘वर चला, सगळे वर चला’ म्हणून ओरडतात आणि जिन्यात जाऊन बसतात. आत्ताही तिथंच आहेत. दिसले नाहीत?

प्यो: दिसले. नमस्कार केला, तर म्हणाले, खाली जाऊ नकोस.

गुमन्ये: बघा. तिसऱ्या मजल्यावर आलेल्या माणसाला म्हणे खाली जाऊ नकोस. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत गेली, आता खाण डोक्यात शिरलीय. डॉक्टर म्हणाले, विसरायच्या आजाराची सुरुवात आहे. जेबोम आन्यांगहून येऊन सह्या करून गेला. एकुलता मुलगा. सही केली आणि जेवायलाही थांबला नाही.

प्यो: पंखा धड आहे. पाती तेवढी काळी पडलीत. आजी, हे कधीपासून?

गुमन्ये: काय, पंखा?

प्यो: आजोबांचं.

गुमन्ये: नोव्हेंबरपासून. डोकं धरून बसायचे, ओकायचे, जेवलो की नाही ते आठवायचं नाही. मध्ये दहा दिवस मुलीकडे जेजू बेटावर राहिले, तर तिथं टुणटुणीत. बागेत संत्री तोडली, जावयाला पत्त्यांत हरवलं. मुलगी मलाच बोलली, आई, तू उगाच घाबरवतेस. परत आले आणि दोन दिवसांत पुन्हा तेच.

प्यो: तुमचं डोकं दुखतं?

गुमन्ये: सकाळी. बीपी आहे ना मला. दिवसभर मी म्हाताऱ्यांच्या मंडळात असते, तिथं गेलं की उतरतं.

प्यो: आजोबा झोपतात कुठं?

गुमन्ये: तिथंच, गॅलरीच्या दाराला लागून. जमीन तिथं सगळ्यात गरम.

प्यो: आणि हा धुराचा पाइप?

गुमन्ये: तो बाहेर जातो. गॅलरीत.

प्यो: गॅलरी बाहेर कुठं राहिली, आजी? काचा लावल्यात. आतून पाणी ओघळतंय त्यांच्यावर.

गुमन्ये: जेबोमनं लावून दिल्या, नोव्हेंबरात. आईबाबांना वारा लागू नये म्हणून. कारागीर पाठवला आणि मला फोनवर म्हणाला, आता थंडीला घरात यायची वाटच ठेवली नाही.

(प्योनं खिशातला विषारी वायू मोजायचा छोटा मीटर काढून गॅलरीच्या दाराच्या फटीशी धरला. आकडा चढत गेला. वीस दिवसांपूर्वी तो मीटर त्यानं खिशातून काढलाच नव्हता.)

प्यो: आजी, कोट घाला. बाहेर चला.

गुमन्ये: अहो, शेगडीवर सूप आहे माझं.

प्यो: गॅसचा मुख्य कॉक बंद केलाय. बॉयलर बंद. मी सगळ्या काचा सरकवतो, तुम्ही जिन्यात आजोबांजवळ जाऊन बसा. तिथं येऊन सांगतो सगळं. जा, आजी, सूप राहू दे.

मानबोक: आलीस का?

गुमन्ये: सरका जरा. तुमच्यासारखाच त्या मिस्त्रीलाही चळ लागलाय. भर थंडीत घर उघडं टाकलंय.

प्यो: उघडंच राहू द्या. आजी, बॉयलरचा धूर बाहेर पडतच नव्हता. काचांच्या आत कोंडायचा आणि दाराच्या फटीतून घरात यायचा. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. डोकं ठणकतं, ओकारी होते, माणूस विसरतो, भलतंच बोलतो. बॉयलरसुद्धा तोच धूर परत ओढायचा, म्हणून विझत होता.

मानबोक: गुडघे.

प्यो: काय, आजोबा?

मानबोक: आधी गुडघे जातात. वास कशाला हवाय? गुडघे गळाले की हातातलं टाकायचं आणि वर यायचं. मी हिला सांगत होतो, गॅस आहे. ही मला गोळी द्यायची.

गुमन्ये: मला वाटलं, तुम्ही खाणीतलं बोलताय.

मानबोक: खाण तू म्हणालीस. मी गॅस म्हणालो.

गुमन्ये: देवा. रोज रात्री मी हाताला धरून आत आणत होते यांना. दार लावून घेत होते.

प्यो: अँब्युलन्स बोलावलीय. दोघांचंही रक्त तपासायचं. आजोबांचं सगळं यामुळंच, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार, ते डॉक्टर सांगतील. पण सोमवारचं थांबवा.

गुमन्ये: थांबवते. आत्ता फोन करते. मिस्त्री, तुम्ही तपासणीच्या कागदावर काय लिहिणार?

प्यो: जे आहे ते. गॅलरी काचांनी बंद केली, धूर कोंडला. पाइप काचेच्या बाहेर काढल्याशिवाय बॉयलर सुरू करता येणार नाही. हा कागद जेबोमलाही जाईल, बॉयलर त्याच्या नावावर आहे.

गुमन्ये: पंखा बिघडला होता असं लिहा.

प्यो: पंखा धड आहे, आजी.

गुमन्ये: तुम्ही त्याला ओळखत नाही. रविवारच्या पाळ्या करून त्यानं त्या काचांचे पैसे जमवले. दर फोनला विचारतो, आता गार लागत नाही ना, आई? मी नाही म्हटलं की बरं वाटतं त्याला. त्याच काचांनी बापाची ही दशा केली, आणि वर त्यानंच वृद्धाश्रमाच्या कागदावर सही केली, हे कसं सांगू? जन्मभर स्वतःला खात बसेल तो.

प्यो: मी पंखा लिहिला तर उद्या दुसरा कुणीतरी येऊन पंखा बदलेल आणि बॉयलर सुरू करून जाईल. तसं मला करायचं नाही. मी माझंही लिहिणार आहे. वीस दिवसांपूर्वी मी त्या पाइपाखाली उभा होतो. दिवसाला चौदा घरं करत होतो, मान वळवून वर बघितलं नाही. पार्ट बदलला, सही केली, गेलो. मी निघालो तेव्हाही आजोबा जिन्यातच बसले होते.

गुमन्ये: तुमचं तुम्ही लिहा. माझ्या पोराचं नका लिहू.

प्यो: पाइप का वाढवला नाही, हे लिहावंच लागतं.

मानबोक: लिही मग. काचा लावणाऱ्या कारागिरानं म्हाताऱ्याला सांगितलं होतं, मिस्त्री बोलावून पाइप बाहेर काढून घ्या. म्हातारा विसरला.

गुमन्ये: खरंच सांगितलं होतं त्यानं? मी कुठं होते तेव्हा?

मानबोक: मंडळात.

प्यो: आजोबा, खरं सांगा. तो असं म्हणाला होता?

मानबोक: मला कशाला विचारतोस, पोरा? मला विसरायचा आजार आहे. तसा वृद्धाश्रमाचा कागदच आहे घरात, जेबोमच्या सहीचा.