थर्मास कुणाकडून?

शाळेला सुट्टी लागायची होती. भेटवस्तूंच्या दुकानात, पैसे द्यायच्या रांगेत, माझ्यापुढे सासरे आणि सून उभे होते.

"बाबा, वर्गाच्या बाईंना साधं पेन आणि मदतनीस ताईंना एवढा मोठा थर्मास?"

"अगं, पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधता बांधता तिचा चहा गार होतो. कप तसाच खिडकीत राहतो."

"तुम्हाला बरं ठाऊक! नातीला फाटकाशी सोडून तुम्ही लगेच फिरायला जाता ना?"

"जातो की. जरा उशिराने."

"म्हणजे ताईंशी गप्पा रंगतात वाटतं!"

"कसल्या गप्पा? ती खिडकीतून नुसता हात करते."

"कुणाला?"

"मला. छकुली रडायची थांबली, आता निघा, म्हणून."

"बाबा, छकुलीचं रडणं तर पहिल्याच आठवड्यात थांबलं."

"हो, गुणाची आहे पोर."

"मग ताई अजून हात कुणासाठी करतात?"

"तू जरा पुढे सरक बघू. रांग अडलीये."

सुनेने थर्मास काउंटरवर ठेवला.

"दादा, हा छानशा कागदात बांधा. आणि वर नाव नातीचं नको, आजोबांचं घाला."