मर्विनसाठी एक बक्कल

नेब्रास्कातल्या आमच्या गावी चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. थोरल्या आर्लिसच्या हातात घोड्याच्या साजाचे गंजलेले बक्कल होते.

“अगं, आपल्याकडे घोडा तरी आहे का?”

“जमिनीत पुरायला घेतेय. मर्विन दर रविवारी ते धातू शोधायचं यंत्र घेऊन येतो ना, आजोबांच्या पडक्या घरापाशी जुनं लोखंड-पितळ शोधायला.”

“तिथलं सगळं त्याने कधीच उकरून नेलं!”

“म्हणून तर. काही सापडेनासं झालं, की तो यायचा बंद होईल.”

“म्हणजे मागे त्याला सापडलेलं ते शिवणाचं अंगुस्तान...”

“तुझंच. शंभर वर्षांचं तरी असेल, म्हणाला.”

“मी ते गेल्या नाताळात घेतलंय! बाई, त्याला सरळ जेवायला बोलाव.”

“आणि नाही म्हणाला तर?”

“आणि त्याला हे कळलं तर?”

“परवा त्याने माझ्यासमोर चांदीचा चमचा उकरून काढला. ‘तुझ्या आजीचा,’ म्हणून माझ्या हातात ठेवला.”

“तो कुणाच्या घरातून ढापलास?”

“तो मी पुरलाच नव्हता.”

“मग असेल आजीचाच.”

“चमच्याच्या पाठीला ह्याच दुकानाची किमतीची चिठ्ठी होती.”

“अगंबाई! मग ठेव ते बक्कल परत.”

“छे! आता माझी पाळी आहे.”