जिऱ्याचं नव्हे, जिरॅनियमचं

तुम्ही हसणार, तरी सांगते. मुलगी झाल्यापासून मला धड झोप नाही. ती रडली तर काळजी, गप्प असली तर दुप्पट. केजची मैत्रीण म्हणाली, "जिरॅनियमचं तेल आण. गरम पाण्यात दोन थेंब टाकून वास घे, जीव शांत होतो." मी लगेच बाटली मागवली.

आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं, "कशाचं तेल हाय गं?"

"जिरॅनियमचं," मी म्हणाले आणि आंघोळीला गेले.

बाहेर येते तर आत्या नातीला मऊ वरणभात भरवायला बसलेल्या आणि शेजारी ती बाटली उघडी.

"आत्या, यात काय घातलंत?"

"तुझं जिरेनियम. जिऱ्यानं लेकराचं पोट फुगत न्हाई."

मी किंचाळून वाटी हिसकावली. "खाल्लं का तिनं?"

"कुठलं खातीय! वास आला की तोंडच फिरवलं. जिऱ्याला गुलाबावानी वास कावून येतोय, मी त्याच इचारात."

मी मुलीचं तोंड पुसलं, जीभ पाहिली, पुन्हा पुसलं. मग सांगितलं, "आत्या, हे जिरं नाही. एका झाडाच्या पानांचं तेल आहे. पोटात घ्यायचं नसतं, नुसता वास घ्यायचा, जीव शांत व्हायला."

आत्यांनी खिदळणाऱ्या नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाटली उचलून थेट माझ्या नाकाखाली धरली.

"लेकरू शांतच हाय. तू वड बाई, जोरात वड!"