डब्याला ग्यारेजचा वास

मी मूळची धर्माबादची, तिकडं नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या शिवेवर. आमच्या गावी मिरचीचा बाजार मोठा, वडील मिरचीच्या अडतीवर, त्यामुळं रोज घरात आधी मिरचीचा खकाणा यायचा आणि मग वडील यायचे. पाव्हणे शिंकून शिंकून बेजार व्हायचे, आम्ही पोरी हसायचो. तर नाक असं तयार झालेलं. तेल कालचं का आजचं ते मी वासावर सांगते, माणूस आंघोळ करून आलाय का नुसती पावडर मारून आलाय ते तर दारातूनच सांगते. हसू नका, खरं हाय. आणि अशा बाईच्या डब्याला वास येतो म्हणले लोक! काय सांगू तुम्हाला, आठवलं की अजून तोंडाला पाणी सुटतं, उलटीच्या आधी सुटतं ना, ते पाणी.

लग्न झालं शिरूर अनंतपाळकडं, मालकांची शेती. पुढं लेकीच्या शाळेपायी लातूरला आलो, इथं क्लासेसची पोरं-पोरी ढिगानं, म्हणून मी डबे सुरू केले. लेक शिकली, लग्न होऊन गेली, डबे राहिले. जुनी व्हॅन घेतली, ती मीच चालवते, मालकांना शेजारी बसवते. इंजिन सीटच्या खालीच, म्हशीवर बसल्यासारखं त्याच्यावर बसायचं. घर ते होस्टेल, होस्टेल ते घर, गाडी नीट तापायच्या आधीच बंद.

तर एक दिवस पोरी म्हणल्या, आंटी, वरणाला ग्यारेजचा वास येऊन राहिला. मी म्हणलं, ग्यारेजमधी वरण खायला कधी गेलतीस ग तू? पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी डबे भरलेले परत. घरी आणून झाकण उघडलं आणि अयाया, जळकं तेल, त्यात ओल्या चिंध्यांचा कुबट वास, आणि वरून माझी मेथीची भाजी. शी! मी करडईचं तेल बदललं, दुकान बदललं, पातेली चिंचेनं घासली. मुठीनं लसूण घातला, तर लसूण आणि ग्यारेज दोन्हींचा वास यायला लागला. शेवटी होस्टेलच्या वार्डनबाई म्हणल्या, सोमवारपासून दुसरीकडून डबे घेते, पोरी उपाशी झोपून राहिल्यात. तुम्हाला म्हणून सांगते, तेच एक मोठं होस्टेल होतं माझं, ते गेलं की चूल विझली. पण मला पोटापेक्षा नाकाचं दुःख जास्त. धर्माबादच्या पोरीला कुणी नासकी म्हणावं?

आता गंमत ऐका. शनिवारी एका पोरीचा डबा घरीच राहिला, तो आमच्या जाऊबाईनं स्कूटीवर नेऊन दिला. तेवढा एकच डबा चाटूनपुसून रिकामा आला! मी डोक्याला हात लावला. म्हणलं, घाण चुलीवर न्हाई, घाण गाडीत हाय. डब्यांची झाकणं ढिली, पोळ्या फडक्यात, भाताच्या पातेल्यावरही नुसतं फडकं, सगळा वास पीत बसायचं. आणि मी पुढं खिडकी उघडी टाकून वारं खात बसलेली, मला काय कळणार?

रविवारी ग्यारेजवाल्या खाजाभाईकडं गाडी नेली. खाजाभाई म्हणजे आवाज असा की हॉर्नची गरज न्हाई. सीट उचललं, गाडी चालू ठेवून इंजिनावरचं तेलाचं झाकण काढलं, तर भसकन गरम धूर माझ्या तोंडावर. अगागागा, सात पिढ्यांचं जेवण वर आलं. त्यांनी त्या भोकावर प्लास्टिकची पिशवी धरली, ती टम्म फुगली पुरीसारखी. म्हणले, ताई, पिशवी आत वढायला पाहिजे, ही तर फुगून राहिली. गाडीच्या पोटात वाफ कोंडलीय. मग समजावलं, इंजिनाच्या पोटातली वाफ वढून परत जाळायला एक एवढुशी झडप असती, वॉल म्हणतात. तो काढला, माझ्या कानाशी हलवला. चांगला असला की खुळखुळ्यासारखा वाजतो, हा मुका. आत पिवळट काळा चिकटा, नासलेल्या खव्यासारखा. म्हणले, थोडं थोडं पळवता, गाडी तापत न्हाई, वाफेचं पाणी होतं, त्याचा हा चिखल.

इथवर ठीक. मग त्यांनी दुसरी नळी उपसली, ताजी हवा आत यायची ती, आणि एकदम ओरडले, तौबा तौबा, ताई, ह्यात शेती कुणी केली? नळीत दाणे काढलेलं मक्याचं कणीस ठोकलेलं, वर चिंधी गुंडाळलेली. चिंधी माझ्या जांभळ्या पोलक्याची! मी हळूच वळून मालकांकडं बघितलं. मालक कान खाजवून राहिले. म्हणले, त्यातून तेल उडत होतं, फिल्टर घाण होत होतं, म्हणून बूच मारलं, गावाकडं डिझेलच्या क्यानीला मारतोच की. म्हणजे तिकडं वॉल तुंबलेला, इकडं मालकांचं कणीस, वाफ जाणार कुठं? झाकणातून, फटीतून, सीटखालून थेट माझ्या पोळ्यांवर!

खाजाभाईंनी नवा वॉल बसवला, नळ्या पेट्रोलनं धुऊन फुंकून घेतल्या, तेल बदललं, झाकणाचं रबर नवं टाकलं. परत पिशवी धरली, तर ती आत गेली, तान्ह्या लेकराचे गाल दूध वढताना जातात ना, तशी. गाडी आतून मालकांनी धुतली, सोडा घालून, नाकाला उपरणं बांधून. मी खुर्ची टाकून बसले होते, इथं राहिलं, तिथं राहिलं म्हणत.

सोमवारी वार्डनबाईंच्या पाया पडले, म्हणलं, आजचा एक घास खा, मग हाकला. सगळ्या पोरी भिंतीला चिकटून उभ्या. बाईंनी पोळी नाकाशी धरली, पुढून हुंगली, मागून हुंगली, चष्मा वर करून हुंगली. घास घेतला, चावून राहिल्या, चावून राहिल्या, माझा जीव टांगलेला. म्हणल्या, मीठ कमी आहे. आणि दुसरी पोळी घेतली.

तवापासून डबे रिकामे येतात. आणि खाजाभाई म्हणलेत, महिन्यातून एकदा गाडी लांब पळवा, पोट साफ राहतं तिचं. आता लातूरहून लांब म्हणजे कुठं? मी धर्माबादला जाते, माहेरी, मिरची आणायला. मालक म्हणतात, मिरची उदगीरलाबी मिळती की. मी म्हणते, गाडीच्या तब्येतीचं हाय, तुम्ही गप बसा. लोक गाडीत लिंबू-मिरची बांधतात, मी ते कणीस बांधलंय, मालकांच्या डोळ्यांसमोर लोंबकळत असतं. कणसाला म्हणते, सुखी राहा बाबा, दुसरं काय म्हणू? आता आले आहात तर जेवून जा. आधी हुंगून बघा, मला राग न्हाई येत.