जिन्याखालच्या ताडपत्र्या

बहीण: तोंड पाडून काय बसलास? काल भाचीचं लग्न झालंय, सुतक नव्हे.

भाऊ: ताडपत्र्या कुठे ठेवल्यास?

बहीण: जिन्याखाली. गरजच पडली नाही! आणि बरंच झालं. फुलांच्या त्या मंडपावर भट्टीवाल्याच्या काळ्या ताडपत्र्या कशा दिसल्या असत्या? सगळ्यांना सांगतेय, माझ्या भावाने पाऊस वेशीवरच अडवला.

भाऊ: सगळ्यांना?

बहीण: व्याह्यांना तर दोनदा. का, खोटं आहे?

भाऊ: पाऊस अडवता येत नाही गं. ढग इथे पोचायच्या आत मी विमानातून त्यात मीठ फवारलं. तो वाटेतच रिकामा झाला.

बहीण: मग तेच की. कुठे का पडेना!

भाऊ: वीटभट्टीवर पडला.

बहीण: कुणाच्या?

भाऊ: आपल्याकडे भट्ट्या आहेत किती? परतताना खाली पाहिलं. कच्च्या विटा वाळत घातलेल्या, रांगाच्या रांगा. झाकायला काही नाही. असणार कुठून, सगळं तुझ्या जिन्याखाली.

बहीण: अगं बाई... पण तू काही केलं नसतंस तरी पडला असता की तो.

भाऊ: कदाचित. आमचे साहेबही हेच म्हणतील. मला कुणी पकडूच शकत नाही, तेच तर घशाखाली उतरत नाहीये.

बहीण: पण तुला तर धरणावर पाऊस पाडायला पाठवलं होतं ना?

भाऊ: हो. तिथे जायचं सोडून इकडे वळलो.

बहीण: म्हणजे लग्नात पाऊस येणार म्हणून मी फोनवर रडले, त्यामुळे. ढकल आता माझ्यावर.

भाऊ: नाही ताई. नव्या जावयासमोर मामाचा रुबाब दाखवायचा होता मला. लाज वाटते सांगायला.

(दारावर थाप.)

भट्टीवाला: आहात का ताई? ताडपत्र्या न्यायला आलो.

बहीण: या ना, या. काल जेवायला आला नाहीत?

भट्टीवाला: यायचं होतं हो. नवा सदरासुद्धा काढून ठेवला होता. ऐन वेळी पावसाने गाठलं, मग चिखल उपसत बसलो. बायको म्हणाली, ताडपत्र्या दिल्या नसत्या तर... म्हटलं, गप बस. दिलेली वस्तू अशी बोलून दाखवू नये. मंडपात कोरडं राहिलं ना?

बहीण: राहिलं.

भट्टीवाला: मग कारणी लागल्या.

भाऊ: काका, विटा किती गेल्या?

भट्टीवाला: सगळ्याच. मातीच्या होत्या, मातीत गेल्या. विटा परत थापता येतात, पोरीचं लग्न थोडंच परत करता येतं? पण कॅप्टनसाहेब, एक सांगू का? तुम्हाला वरून सगळं दिसतं. एखादा ढग माझ्याकडे निघालेला दिसला, तर एक फोन कराल?

बहीण: बसा हो आधी, चहा टाकते.

भाऊ: ताई, थांब. काका, कालचा फोन मीच करायला हवा होता.

भट्टीवाला: दिसला होता तुम्हाला?

भाऊ: मीच पाडला तो. लग्नात येऊ नये म्हणून. खाली तुमची भट्टी आहे, हे डोक्यातच आलं नाही.

(भट्टीवाला ताडपत्र्यांसाठी इकडेतिकडे पाहू लागतो.)

भाऊ: काहीतरी बोला काका. शिव्या द्या. मी येतो उद्यापासून विटा थापायला.

भट्टीवाला: नको साहेब. तुम्हाला नाही जमायचं. ताई, कुठे आहेत ताडपत्र्या?

बहीण: हे काय, इथे जिन्याखाली.

भाऊ: एक टोक मी धरतो.

भट्टीवाला: असू द्या, सवय आहे. ...ही गाठ तर माझ्याच हातची आहे. सोडलीसुद्धा नाहीत?

बहीण: गरजच... पडली नाही हो.