मुक्या खिंडीतली तहान

ऐका. जवळ सरका आणि माझ्या तोंडाकडे पाहून ऐका. मागे अंधाराकडे वळून पाहण्याचे काही कारण नाही.

गडांना वेढे पडत त्या काळची ही हकीकत. आपल्या धामणगडाला वेढा पडला होता. दिवेलागण होऊन बराच वेळ लोटला, आणि बहिरू पखालजी गावातून निघाला. हेल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, पाठीवर पाण्याने भरलेली कातड्याची पखाल. मशक नव्हे बरे का. मशक माणूस खांद्यावर वाहतो, पखाल जनावराच्या पाठीवर असते. शब्द जागच्या जागी असावा.

जायचे कोठे? गडाच्या निम्म्या चढावर पहाऱ्याचे मेट होते. तेथले टाके आटले होते. त्या मेटावर बहिरूचा धाकटा भाऊ खेलोजी मांडीत भाल्याची जखम घेऊन तापाने फणफणत पडला होता. पाणी लवकर पोहोचले नाही तर तो उजेड पाहणार नाही, असा निरोप जासुदाने आणला होता. वाट मोकळी एकच, मुक्या खिंडीची. शत्रूसुद्धा रात्री तेथे चौकी ठेवीत नसे. का ठेवीत नसे, हे घाईत कोणी विचारले नाही.

वेशीवरचा रखवालदार तेवढा हसला. म्हणाला, "बहिरू, भुते भेटली तर त्यांनाही पाज. तहानेला जात नसते."

"आधी तू मर, मग तुलाच पहिल्यांदा पाजतो," बहिरू म्हणाला आणि चालू लागला.

आता पखालजीचा धर्म ध्यानात घ्या. रणात पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही. आपला की परका, हे विचारायचे नाही. नाही म्हटले की पखाल फाटते, असे ते लोक मानीत.

खिंडीच्या तोंडाशी दगडावर एक माणूस बसला होता. डोके गुडघ्यांत. त्याने पाणी मागितले. बहिरूने पखालीचे तोंड सैल केले. माणूस प्यायला. पीतच राहिला. हेला थरथरू लागला, तरी हा पीतच राहिला. मग अगदी मायेने विचारता झाला की, बाबा, एवढ्या रात्री हे पाणी कोणासाठी?

येथे बहिरू चुकला. जिवंत माणसाचे नाव रात्री रणात उच्चारू नये, हे त्याला वडिलांनी शिकवले होते. पण काळजी माणसाची जीभ सैल करते. त्याने सांगून टाकले, "धाकट्या भावासाठी. खेलोजी त्याचे नाव."

थोडे पुढे एक स्वार उभा. त्याने घोड्यासाठी पाणी मागितले. घोडा प्यायला, पण घशात घोट वाजला नाही. पखाल मात्र हलकी झाली. लगाम ओढता ओढता स्वार म्हणाला, "खेलोजीला पुरेल ना?"

ऐकलेत? याला नाव कोणी सांगितले? बहिरूने हेल्याला टाच मारली, म्हणजे हाताने डिवचले. पखालीच्या हेल्यावर कोणी बसत नाही. आणि दोन्ही कड्यांवरून कुजबुज सुरू झाली. खेलोजी. खेलोजी. खेलोजी. पोरे पाढा घोकतात ना, तशी.

वळणावर खेलोजीच बसला होता. मांडीला रक्ताळलेले फडके. पडलेल्या दाताच्या फटीतून शीळ घालणारा तोच आवाज.

"दादा, मेट पडले. मला येथवर आणून टाकले. पाणी दे."

बहिरू त्याच्याकडे धावला. त्याने भावाच्या ओंजळीत धार धरली. पाणी ओंजळीत ठरेना. अंगठ्याच्या बाजूने वाहून जमिनीत जिरू लागले. पुन्हा धार, पुन्हा तेच.

"असे पोटात जात नाही, दादा. माझे नाव घे आणि सोड."

नाव ओठांवर आले होते. अर्धे बाहेर पडले होते. तेवढ्यात त्याला उमगले. नाव घेऊन, अंगठ्यावरून पाणी कोणाला सोडतात? सर्वपित्रीला बापाला सोडले होते तसे. जित्या भावाच्या नावाने ते सोडले की भाऊ मेल्यातच जमा. त्याने जीभ अशी चावली की तोंडात रक्त आले.

"नाव घे," समोरचा म्हणाला. आता तो आवाज एकाचा नव्हता.

नाही म्हणावे तर धर्म बुडतो. नाव घ्यावे तर भाऊ जातो. बहिरूने स्वतःच्या तळहातावर पाणी घेतले आणि म्हणाला, "ज्यांचे नाव घ्यायला कोणी उरले नाही, त्यांना हे पाणी."

आणि अंगठ्यावरून सोडले.

खिंड निपचित झाली. क्षणभरच. मग हात निघाले. कपारीतून, गवतातून, हेल्याच्या खुरांजवळून. ओंजळीच ओंजळी. किती लढाया झाल्या असतील तेथे, आणि त्यांतली किती नावे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहेत? बहिरूने पखालीचे तोंड तसेच गळते ठेवले, हेल्याचे शेपूट धरले आणि धावत सुटला. मागे ती धार पडत होती, हात तिच्यापाशी थबकत होते, पुन्हा सरसावत होते. एकाने त्याची टाच धरली. त्याने वळून पाहिले नाही.

मेटावर पोहोचला तेव्हा पखालीच्या कोपऱ्यात थोडे पाणी उरले होते. खेलोजीचे ओठ फुटले होते. पण तो प्यायला, आणि वाचला. पुढे जन्मभर लंगडला, दोन लग्ने केली आणि भावाशी बांधावरून भांडलाही.

बहिरूने मात्र पुन्हा कधी त्याला नावाने हाक मारली नाही. "अरे", "धाकट्या", फार तर "लंगड्या". भावजय टोमणे मारी की, भाऊजींना सख्ख्या भावाचे नाव जड झाले.

खेलोजी म्हातारा होऊन, आपल्या अंथरुणावर गेला. त्या वर्षी सर्वपित्रीला बहिरू नदीत उभा राहिला. तळहातावर पाणी. नाव तर घ्यायलाच हवे होते. घाटावरची माणसे आपापले उरकून घरी गेली, तरी तो उभाच. शेवटी त्याने ते नाव घेतले, मोठ्याने, आणि पाणी सोडले. मग तेथेच गुडघाभर पाण्यात बसून तो पोरासारखा रडला.

तेव्हा त्या खिंडीने जाऊ नका. वाट झुडपांत बुजली आहे, ती बुजलेलीच राहू द्या. आणि प्रसंग पडून गेलातच, व कोणी पाणी मागितले, तर द्यावे. तहानलेल्याला नाही म्हणू नये. पण कोणासाठी निघालात, असे त्याने मायेने विचारले, तर घरी वाट पाहणाऱ्याचे नाव ओठांच्या आत ठेवा.