दीडशे टोल

—नाही, शिडी इथे लावायची नाही. कमिटीने पाठवलंय ना तुम्हाला? मग कमिटीच्या दारात लावा तो भोंगा. चर्चला दीडशे वर्षं झाली म्हणून दीडशे टोल द्यायचे— आणि देणार कोण, तर टेपमधली घंटा. मग वरची खरी घंटा काय शोभेला टांगलीय?

स्मरणिका बघितलीत त्यांची? एकूण एक पाळकाचा फोटो आहे, सहा महिन्यांत पळून गेला त्याचासुद्धा. आणि एकतीस वर्षं हा दोर ओढून ज्यांचे कान गेले ते आमचे हे कुठे आहेत? शेवटच्या पानावर, ‘इतर सेवक’. नावसुद्धा नाही. सेक्रेटरी म्हणतात, जागा नव्हती. स्वतःचे चार फोटो छापलेत मेल्याने, तिथे बरी जागा झाली.

वर म्हणतात, म्हाताऱ्याला दीडशे टोल झेपायचे नाहीत. धर्मसुधारणेला पाचशे वर्षं झाली तेव्हा पाचशे पडले की— खाली सगळ्यांनी ह्यांचं कौतुक केलं, आणि ह्यांचा उजवा हात तर त्याआधीच लुळा पडलेला. सालं निघाली ती माझ्या तळहातांची. हो, माझ्या. बघताय काय? ह्यांचा कोट घातला, दार आतून लावलं आणि ओढला दोर. बाईमाणसाने धरायचा नाही म्हणे— तेव्हापासून रोज धरतेय. जा, सांगा कमिटीला. नाही, थांबा— सांगू नका. मनोऱ्याला लागून आमची खोली आहे ना, ती घंटा वाजवणाऱ्यालाच मिळते. म्हणून तर हे अंथरुणाला खिळलेत हेही कोणाला कळू दिलं नाही मी.

खोलीचं जाऊ द्या हो. खोली घेऊन तरी मी आता एकटी काय करू? डॉक्टर म्हणाले, आठवडा काढला तर पुष्कळ. ह्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पण खाट मनोऱ्याच्या भिंतीला लावलीय, घंटा हलली की भिंत थरथरते, मग हे तिला हात लावून पडल्या पडल्या टोल मोजतात. आज दीडशे आहेत हे ह्यांना ठाऊक आहे, सकाळपासून डावा हात भिंतीवरच आहे. तुमच्या भोंग्याने ती भिंत हलेल? सांगा ना. हलेल?

मग उचला सामान. आणि जाताना दार लावू नका, उघडंच राहू द्या— कोण ओढतंय ते बघू देत सगळ्यांना. दहा वाजले. सरका.